नुसतं पाणी

"माणसं मी जमवतो," एवढंच मी म्हणालो होतो. त्यावर माझी बायको रंगू म्हणाली, "आवं, तुमी कशाला मधी पडताय?" रंगूला पुढचं दिसतं. मला ती सवय नाही, त्यामुळं मी मध्ये पडलो.

प्रकरण माझ्या मेहुण्याचं होतं. रंगूचा धाकटा भाऊ सिद्धू मुंबईला डॉक्टर होत होता. होत होता म्हणजे नुसता होतच होता, होऊन संपत नव्हता. सरळ एकच डॉक्टर व्हायचं सोडून या गड्यानं दोन्ही पदव्या एकदम देणाऱ्या नव्या अभ्यासक्रमात नाव घातलं होतं. रोग्यांचाही डॉक्टर आणि संशोधनाचाही डॉक्टर! इकडं कवठे महांकाळच्या सुभेदार तात्याबांच्या मुलीशी त्याची सुपारी फुटून पोरगी वाट बघत बसलेली. तात्याबा फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी एकदाच बजावलं होतं, आधी शिक्षण पुरं, मग अक्षता.

एके दिवशी ते थेट सांगलीला माझ्या पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात आले.

"पावणं, पोराचं आजून काय काय ऱ्हायलंय, त्ये सांगा एकदा."

मला सगळं पाठ होतं. (ऑफिसात मी दिवसभर तेच सांगत असे. फायली उगाच का तुंबतात?)

"डॉक्टरकीच्या पहिल्या परीक्षा झाल्या. मग निरनिराळ्या सरांच्या प्रयोगशाळेत थोडं थोडं राबून एक सर निवडायचे, तेही झालं. आता असा एक प्रश्न सोडवायचा, की ज्याचं उत्तर जगात कुणालाच ठाऊक नाही."

"कुनालाच ठावं न्हाई, तर पेपर तपासनार कोन?"

हे मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी घाईनं पुढं सरकलो. "मग जाडजूड प्रबंध लिहायचा, परीक्षकांपुढं उभं राहून तो पटवायचा, आणि मग परत वॉर्डात जाऊन उरलेली डॉक्टरकी पुरी करायची."

"परत?" तात्याबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आवं, एवढ्यात रंगरूटाचा सुभेदार हुतोय! पोरगी म्हातारी व्हायची माजी."

सिद्धूचा प्रश्न असा होता, की कृष्णाकाठची ऊस पिकवणारी माणसं आणि कवठ्याकडची कोरडवाहू माणसं यांच्या रक्तातल्या साखरेत फरक असतो का. त्यासाठी त्याच्या सरांनी परदेशातून कागदाच्या पट्ट्या मागवल्या होत्या. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा. पट्टी जितकी जास्त निळी, तितकी साखर जास्त. अर्ध्या पट्ट्या उपाशीपोटी वापरायच्या, अर्ध्या साखरेचं पाणी पाजल्यावर. पुन्हा पट्ट्या मिळणार नव्हत्या, आणि सरही परदेशी निघाले होते. हे फसलं तर नवा प्रश्न, नवे सर आणि पहिल्यापासून सगळं. म्हणजे अक्षता गेल्या कोयनेच्या धरणात.

ऊसवाले माझ्या गावचे, कोरडवाहू तात्याबांच्या गावचे, आणि जमायचं माझ्या सांगलीच्या घरी, रविवारी सकाळी. "दाजी," सिद्धू हात जोडून म्हणाला, "मानसं उपाशी ऱ्हायली पायजेत. एवढं तुमच्याकडं."

मी लगेच अंमल बसवला. रंगूची चूल बंद केली. स्टोव्हची पिन खिशात घातली. पोह्याचा डबा माझ्या ट्रंकेत कोंडला. मी स्वतःही उपाशी राहिलो आणि दारात उभा राहिलो.

माणसं येऊ लागली. चैत्राचं ऊन, एसटीची धूळ, घसे कोरडे. त्यात निम्मे होणारे व्याही! अशा माणसांच्या हातात नुसत्या पाण्याचा तांब्या द्यायचा? आमच्याकडं उन्हातून आलेल्या वैऱ्यालाही नुसतं पाणी देत नाहीत. साखर रेशनवर असली तरी गूळ घरचा होता. चहा नाही, फराळ नाही, म्हणून मी प्रत्येकाला नियमानं गूळपाणी दिलं. व्याह्यांना मोठा खडा आणि घरच्यांना बारका, असं होऊन मानपानावरून रुसवे नकोत, म्हणून अडकित्त्यानं सगळे खडे अगदी सारखे फोडले होते. (सरकारी नोकरीत माणूस इतका तरी तयार होतोच.)

आत सिद्धूनं सामान मांडलं आणि माझ्यासकट एकेकाचं बोट टोचायला सुरुवात केली. थोड्या वेळानं तो बाहेर आला तो नाचतच.

"दाजी! सगळ्यांची साखर वर! ऊसवालं, कोरडवाहू, समदी सारखीच! असं जगात कुटं झालं नसंल!"

मीही नाचलो. पेपरात फोटो येणार, मागं माझं घर दिसणार, दारात मी! मनातल्या मनात मी साहेबांना राजीनामा देऊन मोकळा झालो. तात्याबांनी मात्र छाती धरली होती. "म्हंजी मला डायबिटीस? मी लढाईतनं धडधाकट आलोय!"

तेवढ्यात माझा चुलता नाथाजी ओसरीवरून ओरडला, "गूळ लय झ्याक हुता रं! आनिक एक खडा दे की!"

सिद्धू नाचायचा थांबला. माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाला, "दाजी, कसला गूळ?"

"पाण्याबरोबरचा," मी म्हणालो. "नुसतं पाणी कसं देणार?"

तो भिंतीला टेकून खालीच बसला. मला खरंच रडू आलं. पोराचं आयुष्य मी अडकित्त्यानं फोडून वाटलं होतं.

तात्याबाच पुढं झाले. "खडं सारकं हुतं का?"

"तंतोतंत," मी म्हणालो.

"मग रडताय कशाला? ह्ये जेवानानंतरचं झालं. आदीचं उद्या सकाळी करू. कुनी हितनं हलायचं न्हाई!"

सिद्धूनं डोळे पुसले आणि उरलेल्या पट्ट्या पुन्हा पुन्हा चाचपल्या. खरंच जमत होतं! रंगूनं माझ्या खिशातली पिन ओढून घेतली, सगळ्यांना जेवू घातलं आणि मग स्वयंपाकघराच्या दारात सुभेदार स्वतः पहाऱ्याला बसले. दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी सगळ्यांच्या पट्ट्या फिक्या निघाल्या. एक सोडून.

"दाजी, काल तुमी किती गूळ खाल्ला?"

"देवाशपथ, कणभरही नाही."

"आन आज?"

"पाणीसुद्धा नाही."

माझी पट्टी दोन्ही दिवस गर्द निळी होती. सगळ्या जमावात खरा मधुमेह निघाला तो एकट्याला, ज्यानं गूळ तोंडातही घातला नव्हता. सिद्धूनं अभ्यासातून काढून टाकलं तेही मलाच.

दोन्हीकडच्या माणसांत फरक नाही, एवढंच उत्तर निघालं, पण पुढं प्रबंध मात्र परीक्षकांनी मान्य केला. वॉर्ड अजून उरला होता, पण तात्याबांना आता ते संशोधन स्वतःचंच वाटू लागलं होतं. "फौजेतबी लगनाला रजा मिळती," म्हणून त्यांनी तारीख धरली.

लग्नाला कवठ्यात उतरलो. मांडवाच्या दारात तात्याबा परात घेऊन एकेका पाहुण्याला गूळपाणी देत होते. मी हात पुढं केला. त्यांनी परात मागं घेतली आणि परेडच्या आवाजात हुकूम सोडला, "ह्या पावन्यास्नी नुसतं पानी!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "आगं, ह्येनं काय गुन्ना केलाय?"

"काय न्हाई गं," शेजारीण म्हणाली. "ह्योच त्यो गूळ वाटनारा."