नानासोचं चिडकं आतडं

स्वप्नाच्या साखरपुड्यात व्याह्यांनी नारळ पुढे केला, नवरीचा बाप नानासो यानं दोन्ही हात पसरले, आणि—

गेला.

व्याही नारळ धरून उभेच. "पोट बिघडलंय," बनाबाईनं नवऱ्याची बाजू सावरली.

"मगाशीबी बिघडलं हुतं," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीलाबी हाय का ओ हे?"

आला. तोवर नारळ घरातच राहणाऱ्या मेव्हण्याच्या, केरबाच्या, मांडीवर होता.

कन्यादानात तर पाटावरून हलायचंही नसतं. पुन्हा उठला तर सोयरीकच उठायची. आष्ट्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पोटात काही नाही, म्हणाले, आतडं चिडकं झालंय. मनावरचा ताण तिथं उतरतोय. सांगलीच्या भार्गवी मॅडम बोलून उपचार करतात, त्यांना भेटा.

"माणूस जल्मात कवा चिडला न्हाई," बनाबाई म्हणाली, "आन् आतडं चिडकं?"

आता दवाखान्यात एकट्यानं जाणं म्हणजे घरात कुणी विचारत नसल्याची दवंडी. त्यामुळे बनाबाई निघाली, केरबानं गाडी काढली, आणि वाटेत तुंग गावाच्या अलीकडे नानासो—

गेला.

उसातनं आला.

मॅडमनी नानासोकडे बघत विचारलं, "त्रास जास्त कधी होतो?"

"घरातनं निघताना," बनाबाई म्हणाली.

"घरात असतानाबी," केरबा म्हणाला.

"त्यांना बोलू द्या ना."

"त्यास्नी न्हाई सांगता यायचं. त्यांचं समदं मला ठावं हाय," बनाबाई म्हणाली.

"तुम्हाला काय वाटतं, नानासो?"

नानासो विचारात पडला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. लग्न ठरवतानाही नाही; त्याचं स्वतःचं. त्यानं तोंड उघडलं. "मला वाटतं—"

"एक सुई मारा, असं वाटतंय त्यास्नी," केरबा म्हणाला. "नुसत्या गप्पा हाणायला सांगलीपतुर आलो व्हय आमी?"

गेला.

आला, तेव्हा त्याच्या खुर्चीत केरबा बसला होता आणि वाटणीत थोरल्या भावानं विहीर कशी लाटली ते हुंदके देत सांगत होता. "माझा लंबर कवा?" बनाबाई पदर डोळ्याला लावून विचारत होती. नानासो बाहेर बाकावर जाऊन बसला. पंखा फिरत होता. कुणी काही बोलत नव्हतं. पोटसुद्धा.

"तुम्हा दोघांनाही यावं लागेल," निघताना मॅडम म्हणाल्या. "आणि ह्यांना एकटं पाठवा."

"त्यास्नी कशाला तरास?" बनाबाई म्हणाली. "त्यांच्या वतीनं आमीच येतो की."

मग दर बुधवारी दोघं सांगलीला. घर शांत. नानासो खर्डा-भाकरी खायचा, अंगणात पाय पसरून बसायचा. पोट हूं की चूं करेना. मॅडमच्या हाताला गुण आहे, असं साऱ्या गल्लीत झालं.

लग्नात गुरुजींनी बजावलं, "आता मध्ये उठायचं नाही हं."

शेजारच्या पाटावरची बनाबाई कानाशी आली. "आवं, मॅडम म्हणल्या, आता बरं हाय, यायची गरज न्हाई. उद्यापास्नं मी घरीच."

"मीबी," मागून केरबा.

नानासोच्या पोटात गुरगुरलं. गुरुजी थांबले. विहीणबाई मान उंच करून बघू लागल्या. नानासोनं गुडघ्यावर हात टेकले, आणि—

"मला वाटतं," तो म्हणाला.

बनाबाई इतकी चकित झाली, की मध्ये बोलायची विसरली.

"मला वाटतं, तुमचं दोघांचं अजून पुरतं बरं झालं न्हाई."

"व्हय?" ती घाबरली. "मग अजून जावं लागंल?"

"लागंल."

"आन् तुमच्या जेवणाचं?"

"मी बघतो माझं."

"मलाबी तसंच वाटतंय दाजी," केरबानं नाक ओढलं. "विहिरीचं निम्मंच सांगून झालंय अजून."

गुरुजींनी पाणी सोडायला लावलं. अक्षता पडल्या. सगळे विधी आटोपले.

"झालं. आता उठा," गुरुजी म्हणाले.

नानासो उठला नाही. पाटावरच पाय पसरून बसला.