विमावाले येतायत, जरा आवरून घ्या!

"परदेशात घर केलेल्या माणसाला जगात कशालाही भ्यायचं कारण नाही. फक्त त्याच्याकडे घराचा विमा हवा, आणि तो विमा त्यानं वाचलेला हवा!"

हे वाक्य मी आमच्या दिवाणखान्यात उभं राहून उच्चारलं. समोर सोफ्यावर एक नवीन जोडपं बसलं होतं. आमच्या बायकोनं त्यांना येताक्षणीच सूनबाई आणि जावईबापू करून टाकलं होतं. नुकतंच या देशात आलेलं, नुकतीच घराची किल्ली मिळालेलं. कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा इथपासून हीटर बंद पडला तर कोणाला बोलवायचं इथपर्यंत सगळं विचारून झाल्यावर त्या दोघांनी सहज विचारलं होतं, "काका, इथे घराचा विमा घ्यावाच लागतो का?"

हा प्रश्न मला विचारणं म्हणजे गवयाला "तुम्हाला गाता येतं का हो?" असं विचारण्यासारखं आहे. तो लगेच तंबोरा काढतो. मी पॉलिसी काढली. सांगायला हरकत नाही, आमच्या इमारतीत माझ्याइतका विमा वाचलेला माणूस नाही. विमा कंपनीतही नसावा. घर बायकोच्या नावावर, त्यामुळे विमाही तिच्याच नावावर. पण वाचन संपूर्ण माझं. मुंगीच्या अक्षरातली कलमं मी भिंग लावून वाचली आहेत.

"आता पाण्याचं नुकसान घ्या," मी म्हणालो. "पाणी काही सांगून येत नाही..."

"काका," नवीन सूनबाई म्हणाल्या.

"शंका शेवटी."

"शंका नाही. काका, पाय वर घ्या."

मी खाली पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराखालून पाणी येत होतं. घाई नाही, गडबड नाही. घरचंच माणूस असल्यासारखं ते दिवाणखान्यात आलं, माझ्या सपातांना वळसा घालून सोफ्याखाली गेलं आणि तिथे स्थिरावलं. आत कपडे धुण्याच्या मशिनचा पाइप फुटला होता.

"मुख्य नळ बंद करा!" बायको गॅलरीतून ओरडत आली.

मुख्य नळाबद्दल पॉलिसीत कुठल्या पानावर लिहिलंय ते मला ठाऊक होतं. नळ कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. तो नवीन जावईबापूंनी शोधला, सिंकखाली, डब्यांच्या मागे. तोवर दिवाणखान्यातल्या लाकडी फळ्या पोटभर पाणी प्याल्या होत्या.

मी मात्र शांत होतो. "पुरावा!" असं म्हणून मोबाइल काढला. नुकसान झाल्याबरोबर फोटो काढावेत असं कलमच आहे.

"थांबा!" बायको म्हणाली. "फोटो काढताय? मग जरा केस सारखे करते."

"अगं, फोटो पाण्याचा काढायचाय!"

"पाण्यात आम्हीच उभ्या आहोत ना? या गं सूनबाई, अशा इकडे या. पहिल्यांदाच आलात आमच्याकडे, आठवण राहील. जावईबापू, तुम्ही मागे. उंच आहात."

परिणामी कंपनीला जो फोटो गेला त्यात तीन हसरी माणसं अनवाणी उभी होती आणि नुकसान त्यांच्या मागे झाकलं गेलं होतं. संध्याकाळी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "आपल्या घरगुती समारंभाचा फोटो चुकून आमच्याकडे आलेला दिसतो," त्या म्हणाल्या. "सगळे फार छान दिसताय."

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या पियानो शिकवणाऱ्या बाई आल्या. या बाई इतक्या मृदू की तक्रारसुद्धा अंगाई म्हटल्यासारखी करतात. "माझ्या छतावर एक डाग आलाय," त्या म्हणाल्या. "रंग चांगला आहे, तपकिरी. पण तो वाढतोय. आणि बरोबर पियानोच्या वर आहे. मुलं वाजवताना वर बघतात आणि चुकतात."

म्हणजे आता हिशोब सरळ होता. विम्याचा दावा मान्य झाला तर आमची फरशी आणि बाईंचं छत दोन्ही कंपनी करून देणार. नाही झाला तर दोन्ही माझ्या पेन्शनमधून! मी पुन्हा फोन केला, कलमं तोंडपाठ म्हणून दाखवली. बहुधा ती थांबावीत म्हणूनच कंपनीनं गुरुवारी सकाळी पाहणी करायला सर्व्हेअर पाठवायचं कबूल केलं. तोवर सगळं होतं तसंच ठेवा, अशी ताकीदही दिली.

मी घरात फर्मान काढलं. "गुरुवारपर्यंत कशालाही हात लावायचा नाही!"

"म्हणजे ते साहेब येणार, आणि घर असं?" बायकोनं विचारलं.

"असंच! हाच तर मुद्दा आहे!"

"पहिल्यांदाच येतायत ना ते आपल्याकडे?"

या प्रश्नात धोक्याची घंटा होती. मला ती ऐकू आली नाही. माणूस कलमं फार वाचायला लागला की कानानं कमी होतो.

गुरुवारी मी भल्या सकाळीच खाली फाटकापाशी जाऊन दोन तास उभा राहिलो. आमच्या इमारतीची सगळी दारं सारखीच दिसतात, साहेब चुकायला नकोत. शिवाय लिफ्टमध्ये त्यांची थोडी मानसिक तयारी करून घ्यावी असा माझा विचार होता. सर्व्हेअर आले. उंच, सडसडीत, हातात बॅग, चेहऱ्यावर काहीही नाही. हा गृहस्थ स्वतःच्या लग्नातही पाहणीलाच आल्यासारखा उभा राहिला असणार.

"मन घट्ट करा," लिफ्टमध्ये मी त्यांना म्हणालो. "दृश्य विदारक आहे."

त्यांनी मान हलवली. मी दार उघडलं.

आतून उदबत्तीचा वास आला.

मला क्षणभर वाटलं, मीच चुकलो, हे दुसऱ्याचं घर आहे! पडदे नवीन. सोफ्यावर एरवी कपाटातून कधीही न निघणारे अभ्रे. फुगलेल्या फळ्यांवर तो गालिचा, जो मुलीच्या लग्नानंतर मीसुद्धा पाहिला नव्हता. गालिच्यावर पुस्तकांचं कपाट, जे आजवर आतल्या खोलीत होतं. आत मशिनवर भरतकामाचा रुमाल आणि वर फुलदाणी! आणि या सगळ्याच्या मधोमध माझी बायको, ठेवणीतल्या साडीत, प्रसन्न वदनानं उभी.

"अगं, हे काय केलंस?" मी दातांतल्या दातांत आपल्या भाषेत विचारलं.

"जरा आवरलं. भावाला मागच्या दारानं बोलावून घेतलं मदतीला. तुम्ही आधी शर्ट बदला."

तिचा हा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, याच शहरात राहतो. हौशी कारागीर आहे. त्यानं आजवर दुरुस्त केलेली एकही वस्तू संध्याकाळ बघू शकलेली नाही.

साहेबांनी दारातच विचारलं, "बूट काढू का?"

"राहू द्या हो!" बायको म्हणाली.

ते बूट घालून आत आले. नुकत्याच पुसलेल्या जमिनीवर उमटणारा एकेक ठसा बायको हसतमुखानं बघत राहिली. आता आपल्यातला कोणीही "राहू द्या" ऐकल्यावर बूट काढतोच. पण हे इथले पडले. यांना पहिलं उत्तर हेच उत्तर वाटतं!

"चहा घेणार?"

"नको."

चहा आला. त्यांनी कपाकडे असं पाहिलं, जणू तो कोणा दुसऱ्यासाठी असावा.

मग त्यांनी मांडीवर छोटा कॉम्प्युटर उघडला. "पॉलिसी मॅडमच्या नावावर आहे, त्यामुळे जबाब त्यांचा घ्यावा लागेल. मॅडम, काय नुकसान झालंय?"

"नुकसान? छे हो!" बायको म्हणाली. "काही विशेष नाही."

साहेबांनी टाइप केलं.

"अहो, लिहू नका!" मी ओरडलो. "परत विचारा!"

"का?"

"आमच्यात पहिल्यांदा विचारलं की 'काही नाही' म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की 'चालायचंच' म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की मग सांगतात! तीनदा विचारावं लागतं!"

"आमच्याकडे एकदाच विचारायची पद्धत आहे," साहेब म्हणाले. तरी माणूस न्यायी. त्यांनी पुन्हा विचारलं. "मॅडम, पाणी गळलं होतं?"

"चालायचंच!" बायको म्हणाली. "घर म्हटलं की पाणी आलंच. तुम्ही चहा घ्या ना, निवतोय."

मी गालिचा उचलायला वाकलो. बायको सहज येऊन गालिच्यावर उभी राहिली. मी फळ्या करकरतात ते दाखवायला जागेवर उड्या मारल्या. कपाटाच्या वजनाखाली एकीनंही चकार शब्द काढला नाही. साहेबांनी माझं वय विचारलं. मी फुलदाणी उचलून मशिन चालू केलं. "आता बघा पाइप कसा फवारतो!" मेहुण्यानं सकाळी तो पाइप बांधला होता. तो सुटणारच याची मला शंभर टक्के खात्री होती. मशिन गरगर फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. थेंब नाही! आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाची दुरुस्ती टिकली, आणि तीही आज!

"खाली चला," मी म्हणालो. "खाली छत आहे. छतावर काही गालिचा घालता येत नाही."

खाली पियानोच्या बाईंनी आनंदानं दार उघडलं. पियानोवर चादर, चादरीशेजारी शिडी, शिडीवर डोक्याला रुमाल बांधलेला माझा मेहुणा, हातात ब्रश. छत दुधासारखं पांढरं!

"किती गुणी मुलगा!" बाई म्हणाल्या. "सकाळीच आला स्वतःहून!"

"ताईनं पाठवलं," मेहुणा वरून म्हणाला. "म्हणाली, आपला डाग दुसऱ्यांच्या छतावर साहेबांना दिसला तर काय म्हणतील? भाऊजी, दोन हात मारलेत. बघा, काही दिसतंय का?"

"नाही रे बाबा," मी म्हणालो. "काहीच दिसत नाही. तेच तर झालंय!"

साहेबांनी टाइप केलं. एकेक बटण माझ्या पेन्शनवर पडत होतं.

आम्ही परत वर आलो. साहेब बॅग उचलून निघाले आणि उंबऱ्यापाशी थांबले. तिथे गालिचा वीतभर अपुरा पडला होता. एका फळीची कड उचललेली होती आणि काळी पडलेली होती. त्यांनी बुटाच्या टोकानं ती दाबून पाहिली.

"हे काय आहे?"

"ते होय?" बायको म्हणाली. "ते असंच."

मी डोळे मिटले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. ते मोठ्यानं वाचत लिहू लागले. "पाण्यामुळे नुकसान आढळलं नाही. जमीन उंबऱ्यापाशी काळी पडली आहे. कारण, अनेक वर्षं घराची योग्य निगा राखलेली नाही."

खोलीत शांतता पसरली. मेहुणा ब्रश घेऊन मागोमाग वर आला होता. तो दारातच थबकला. त्यानं लहानपणापासून ही शांतता ओळखलेली होती.

"काय राखलेली नाही?" बायकोनं विचारलं.

"निगा."

"निगा? माझ्या घरात? मी? निगा?"

पुढचं मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. फुलदाणी माझ्या हातात आली. मेहुण्यानं धापा टाकत सरकवलेलं ते कपाट बायकोनं खांद्याच्या एका धक्क्यानं भिंतीपर्यंत नेलं. गालिचा फर्रकन उडाला. त्याबरोबर सगळ्या फळ्या, मास्तर वर्गात आल्यासारख्या, एकेक करून उठून उभ्या राहिल्या!

"हे बघा! हे निगा न राखल्यानं होतं? त्या दिवशी इथे पोहता आलं असतं! हा सोफा बघा, खालून! हात लावा, लाजू नका! ओला आहे की नाही? आणि हा पाइप! या दिवट्यानं सुतळीनं बांधलाय, सुतळीनं! उद्यापर्यंत टिकला तर नाव बदलीन!"

"ताई, अगं..."

"तू गप्प बस! साहेब, चला खाली!"

साहेब आज्ञाधारकपणे खाली गेले. बायको पदर खोचून शिडीवर चढली, पाठोपाठ आलेल्या मेहुण्याच्या डोक्याचा रुमाल ओढून घेतला आणि ओला रंग खसाखसा पुसून काढला. रंगाखालून डाग प्रकट झाला. मोठा, तपकिरी, ठसठशीत! तो पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझं सकाळभराचं काम!" मेहुणा कळवळला.

"हा काल एवढा होता," बायको शिडीवरून हातानं दाखवत म्हणाली, "आज एवढा झालाय! वरून पाणी गळलं म्हणून झालाय! आता लिहा! आणि ते निगाबिगा आधी खोडा!"

साहेबांनी खोडलं. फोटो काढले. वर येऊन बॅगेतून ओल मोजायचं यंत्र काढून ते आमच्या जमिनीला लावलं, तर ते तान्ह्या पोरासारखं किंचाळत सुटलं. मला तो आवाज सनईसारखा गोड वाटला. शेवटी साहेब म्हणाले, "फरशी आणि छत, दोन्ही मान्य. सोमवारी आमची माणसं येतील. या सगळ्या फळ्या उखडून कचऱ्यात जातील आणि नवीन बसतील." निघताना त्यांनी बायकोशी हस्तांदोलन केलं आणि दोन पावलं मागे सरकून तिला वाकून नमस्कारही केला. जिना उतरताना मात्र ते जरा घाईत वाटले.

दार लागलं. मेहुणा खाली छताचं सांत्वन करायला गेला. मी त्या उद्ध्वस्त दिवाणखान्यात, फुगलेल्या फळ्यांवर, राजासारखा पाय पसरून बसलो. पेन्शन वाचली होती, पियानो वाचला होता. बायको कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत उभी होती.

"सोमवारी किती माणसं येणार?" तिनं विचारलं.

"चौघंपाच असतील. तू अजिबात काळजी करू नकोस. एकूण एक फळी उपटून फेकून देणार आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या!"

तिनं पदर पुन्हा खोचला. मग आत गेली, बादली आणि फडकं घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं.

"परकी माणसं येणार. त्याआधी तेवढी एकदा फरशी पुसून घेता का?"