फेसासकट पहिला घोट

मेहुण्याच्या नव्या पबमध्ये दाजींनी बिअरचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या पबची चव नाही रे हिला."

"दाजी, कंपनी तीच, गाडी तीच, पिंपंसुद्धा तीच!"

"असतील. चव ती नाही."

झालं. शेजारच्या सुताराला लगेच आपली बिअर कडू लागली. पोस्टमनला तिच्यात साबणाचा वास आला. पब उघडून जेमतेम महिना झालेला. ही बोलणी बाहेर गेली असती तर धंदा बसलाच म्हणायचा.

मेहुण्याने पिंपापासून नळापर्यंतची नळी धुऊन काढली. दाजी म्हणाले, "नाही." साबणाने फेस बसतो म्हणून ग्लास नुसत्या पाण्याने विसळून घेतले. "नाही." मग त्याने गॅसचा दाब वाढवला, तर नळ उघडताच फेस उसळून थेट सुताराच्या नव्या शर्टावर.

"चव सुधारली," सुतार म्हणाला, "पण चाटून घ्यावी लागतेय."

मेहुणा इरेला पेटला. मागच्या दाराने जाऊन त्याने कोपऱ्यावरून जग भरून आणला आणि चकार शब्द न काढता दाजींपुढे ग्लास ठेवला.

दाजींनी घोट घेऊन मान हलवली. "उगाच धडपडतोयस. कोपऱ्यावरची ती कोपऱ्यावरचीच."

"दाजी, ही कोपऱ्यावरचीच आहे!"

पबमध्ये खसखस पिकली. दाजींचा चेहरा उतरला. "मग तिथलीही बिघडली म्हणायची."

"तिथे शेवटचे कधी गेला होतात?"

"तुझी ताई होती तेव्हा."

ताईची सवय मेहुण्याला ठाऊक होती. 'मी नाही बाई पीत' म्हणायची, नवऱ्याचा ग्लास ओढायची आणि पहिला घोट फेसासकट स्वतः घ्यायची. दाजी दर वेळी कुरकुरायचे.

त्याने आपल्याच नळाचा ग्लास भरला, दाजींपुढे ठेवला, परत उचलला आणि मोठा घोट घेतला. "मी कामावर पीत नाही हं. नुसती चव बघतोय."

"अरे, सगळा फेस खाल्लास की!" दाजी खेकसले. त्यांनी ग्लास हिसकावून तोंडाला लावला.

"आत्ता जमली," ते म्हणाले.

सुताराने लगेच आपला ग्लास पुढे सरकवला. "मालक, आमच्यातही तेवढंच कमी आहे बघा."

त्याच्यामागोमाग पोस्टमनचा ग्लास आला.