दृश्य क्रमांक चार

निसर्ग जपायचा तर तो आधी माणसांपासून जपावा लागतो. आणि माणसे त्यात शोभून दिसत असतील, तर नाइलाजाने त्यांनाही जपावे लागते. याच उदात्त हेतूने २००३ साली पुण्याच्या डोंगरशोभा संवर्धन न्यासाने राजगडाखाली, पाली गावालगतची एक मोठी मिळकत ताब्यात घेतली. तीत एक आमराई, एक ओढा, एक टेकडी आणि जुन्या मालकांसाठी आमराई राखणाऱ्या फुलाबाईंचे गवती खोपट होते. न्यासाच्या दप्तरी ते ‘दृश्य क्रमांक चार’ झाले.

न्यासाची पाहणी शास्त्रशुद्ध होती. शंभरातल्या एक्क्याण्णव पाहुण्यांना खोपटाचे छप्पर आवडले. (उरलेल्या नऊ जणांना ते धुक्यामुळे दिसले नाही.) आत राहणाऱ्यांना ते कसे वाटते हे विचारले नाही, कारण आतून छप्पर नीट दिसत नाही.

आतून ते गळत होते. फुलाबाईंची लेक वैष्णवी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि भर आषाढात खोपटात कोरडी जागा एकच, चुलीची. फुलाबाईंनी नसरापूरहून पत्रे मागवले. न्यासाचे चिटणीस आपटे यांनी टेम्पो फाटकातच अडवला.

“सायेब, पोरीचं दिस भरल्यात. बाळाच्या टाळूवर पानी गळंल. पत्रा टाकू द्या.”

“फुलाबाई, पत्रा दृश्यात बसत नाही हो.”

“दृश्यात नगं बसू दे. घरावर बसला म्हंजी झालं.”

आपटे हळवे झाले. (न्यासात हळवे होण्यास मुभा आहे, त्यापुढे काही करायचे तर सभा बोलवावी लागते.) टेम्पो परत गेला.

आता, पाहुण्यांना न भिजता खोपट पाहता यावे म्हणून न्यासाने समोरच एक शेड बांधली होती. पक्की, कोरडी, पत्र्याची. दोन दिवसांनी भर दुपारी वैष्णवीला कळा सुरू झाल्या, तशी फुलाबाईंनी तिला दंडाला धरून तिथे नेले, लुगड्याचा आडोसा केला, सुईणीला बोलावले. मुलगी झाली. जावळ हे एवढे. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता, तरी मुठी वळून बिनघोर झोपली.

आपटे छत्री सावरत आले. “बरं झालं हो. आता तेवढं खोपटात...”

“सव्वा म्हयना बाळंतीण जागची हलत न्हाई, सायेब. रीत हाय आमची.”

आपट्यांनी फाटकाकडे पाहिले. स्थानिक रूढींना धक्का लावू नये, हे न्यासाचे पहिलेच तत्त्व. फाटकावर त्यांनीच रंगवून घेतलेले. सभा बोलावली गेली. शेडला ‘पारंपरिक बाळंतिणीची खोली’ म्हणून संरक्षण मिळाले, आणि संरक्षित वस्तू हलवता येत नसल्याने सव्वा महिन्यानंतरही मायलेकी आणि बाळ तिथेच राहिली. पाहुण्यांच्या बसण्याची सोय खोपटात करण्यात आली.

तुम्हीही अवश्य जा. छप्पर तुम्हाला फार आवडेल. पहिला थेंब मानेवर पडेपर्यंत तर आवडेलच. मग तुम्ही सगळ्यांसारखेच वर बघून विचाराल, यावर साधा पत्रा का टाकत नाहीत? समोरच्या शेडमधून, नातीला मांडीवर थोपटत, फुलाबाई सांगतील, “तुमास्नी आवडत न्हाई म्हनं.”