जब्बार चाचांचा शिवलेला धडा

जब्बार चाचांच्या दुकानात केळं फुकट मिळायचं, पण ते हंगेरियन भाषेत मागावं लागायचं.

लातुरात आमच्या क्लासच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान होतं. दारालाच अर्धापुरी केळ्यांचा घड टांगलेला असे. नोट्स घ्यायला आलेल्या पोरीनं नुसता हात पुढं केला, की चाचा लाकडी पट्टी आडवी धरायचे.

"असं न्हाई. माग."

"बनान," मी पहिल्या दिवशी घाबरत म्हणाले.

"हे तर नाव झालं. घडाला नाव हाय ते मला बी ठाऊक हाय. तुला पाहिजे ना? मग त लाव."

"बनान्त."

"हां. आता घे."

मी शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यातून बारावीला आले होते. आमच्या घरात दहावीपुढं गेलेली मी पहिलीच. दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही चौघी राहायचो. मला ताप आला की खालून चाचींची खिचडी वर यायची आणि मागोमाग जिन्यातून चाचांचा आवाज यायचा, "खिचडीला बी त लावून माग गं."

चाचा सातवी शिकलेले. हैदराबादच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून त्यांनी परदेशी लोकांसाठीचं हंगेरियन व्याकरण आणलं होतं. ते इंग्रजीत होतं, म्हणून आधी इंग्रजीचा शब्दकोश घेतला. उच्चार बरोबर आहेत की नाहीत हे सांगणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता, त्यामुळं ते कधीच चुकत नसत. नोट्सना सुई मारता मारता आम्हाला शिकवायचे.

"क लागला की लई झाले. हाझ म्हणजे घर, हाझाक म्हणजे घरं. त लागला की समजायचं, त्या घराला कुणीतरी काहीतरी केलं. बांधलं, पाडलं, झाडलं. हाझात. लई घरांना केलं तर हाझाकात."

"आणि दोन घरं, चाचा?"

"दोन म्हटलं की क नको. दोन घर, दोन केळं. एकदा दोन म्हणून सांगितलं ना, मग पुन्हा कशाला सांगायचं? शहाणी जबान हाय."

"पण घराला काय केलं, बांधलं का पाडलं, ते कसं कळायचं?"

"ते क्रियापदात येतं," चाचा म्हणायचे आणि दोरा दातानं तोडायचे. "ते पुढं बघू."

ते पुढं कधी आलंच नाही. त्या पुस्तकाची पहिली साठ-सत्तर पानं बोटांनी काळी पडली होती. त्यानंतरचा क्रियापदांचा धडा चाचांनी जाड दोऱ्यानं तिन्ही बाजूंनी शिवून टाकला होता. माझी मैत्रीण म्हणायची, "चाचांचा अभ्यासक्रम निम्मा कमी झालाय. आपला कधी व्हायचा?"

परीक्षेला दीड महिना राहिला असताना गोंधळ झाला. आमच्या जीवशास्त्राच्या नोट्सचा गठ्ठा आणि चाचांची हंगेरियनची वही काउंटरवर शेजारी शेजारी होती. चाचांनी दोन्ही एकत्र मशीनवर चढवलं, अस्सल धरून साठ प्रती केल्या, शिवल्या आणि वाटून टाकल्या.

आता लातूरची पोरं. छापून हातात आलेलं काहीही पाठ करायचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं की कुणालाच शंका आली नाही. सकाळी अंगणात दात घासत पोरी घोकायला लागल्या, "हाझ, हाझाक, हाझात, हाझाकात." उदगीरच्या एका हुशार मुलीनं तेवढं क्लासमध्ये विचारलं, "सर, हे वनस्पतींत येतं का प्राण्यांत?" सरांनी पान पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाठ करून ठेवा. असलं विचारतात."

चाचांच्या ध्यानात आलं तेव्हा ते हसले नाहीत. दुकान उघडं टाकून अनवाणी निघाले आणि खोल्या-खोल्यांतून फिरले. हाझ-हाझाकचे तक्ते कुणाकडंही राहिले तरी त्यांना चालत होतं. त्यांना प्रत्येक प्रतीचं शेवटचं पान हवं होतं. चाचांच्या वहीत शेवटी ठेवलेलं ते पान परक्या अक्षरात हातानं लिहिलेलं होतं, नऊ ओळी. अस्सल पान गठ्ठ्यासोबत कुठल्या तरी प्रतीत शिवलं गेलं होतं. एकोणसाठ पानं मिळाली. सगळ्या झेरॉक्स.

साठावी प्रत माझी. मी पानं उलटली, झटकली. शेवटचं पान नव्हतंच.

"नसंल," चाचा म्हणाले आणि मशीनजवळ जाऊन बसले.

त्या दिवशी चाचींनी मला आत बोलावून सांगितलं. त्यांची मुलगी शमीम आठ वर्षांची होती. भूकंप झाला तेव्हा मावशीच्या गावी होती. ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, छावणीतल्या तंबूत दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी तिनं केळं मागितलं. चाचा केळी आणायला लातूरला आले. रस्ते गाड्यांनी भरलेले. परत पोचले तेव्हा तोंडावरून चादर ओढलेली होती. शेजारी एक परदेशी नर्सबाई बसली होती. ती पुष्कळ बोलली, यांना काही कळलं नाही. मग तिनं कागदावर लिहून दिलं. तिची तुकडी सकाळी निघून गेली. ही हंगेरियन आहे, एवढंच छावणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं.

"कुणाकडून वाचून घ्यायचं ना, चाची."

"मी बी म्हटलं. म्हणतात, दुसऱ्याच्या तोंडून नको. आणि स्वतः 'दोन केळं' पर्यंत वाचतात, तिथं त लागलेला हाय, पुढचं क्रियापदात हाय म्हणतात, आणि पुस्तक मिटतात. पोरगी उपाशी गेली का, एवढंच त्यांना खातंय."

मला विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. जुन्या नोट्स मी सोबत नेल्या होत्या, टाकवत नव्हत्या. पहिल्याच पावसाळ्यात ओल येऊन पुठ्ठ्याची खळ सुटली आणि आतून एक पान बाहेर आलं. चाचांच्या खळीनं ते पुठ्ठ्याला चिकटून गेलं होतं. निळी शाई. नऊ ओळी.

कॉम्प्युटर लॅबमध्ये शब्दकोश उघडून मी एकेक शब्द शोधला. तीन आठवडे लागले. मी दोन केळी दिली, असं तिनं लिहिलं होतं. मुलीनं दोन्ही खाल्ली. माझ्याकडं बघून हसली. मग झोपली.

शनिवारी एसटीनं मी लातूर गाठलं. चाचा सुई ओवत होते.

"चाचा, ते पान सापडलं."

त्यांनी हात पुसले, पान घेतलं आणि उजेडाकडं धरलं. नंतर माझ्याकडं पाहिलं. "वाचलंस?"

"हाव. चाचा, त्यात..."

"सांगू नको."

"पण चांगलं..."

"म्या सांगितलं ना, सांगू नको. आत्ता तरी शमीम मागतीय. मागू दे."

एवढा प्रवास करून आणलेलं तोंडातच राहिलं. मग मी हात पुढं केला.

"बनान्त."

चाचांनी सवयीनं एक केळं तोडून दिलं. मी स्टुलावर बसून ते सोललं आणि खाल्लं. पुन्हा हात पुढं केला.

दुसरं देताना त्यांचा हात घडावरच थांबला. मग त्यांनी ते दिलं आणि मी खाईपर्यंत माझ्या हाताकडं बघत राहिले. शेवटचा घास गिळून मी त्यांच्याकडं पाहिलं आणि हसले. ते काही नीट जमलं नाही, पण त्या पानावर तसं होतं.

चाचा उठले. फळीवरून व्याकरणाचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. कात्री समोरच होती, तरी ती त्यांना दिसेना.

"दोरा तू काप," ते म्हणाले. "वाचीन मी."