गंगाधररावांच्या पेटीचा कायदा पालटल्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या तारेवाटे वीज घरात येते त्या तारेसही वंदन करून हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. एक दौलत होती, दोन खोल्या आणि दिवाणखाना इतका मुलूख, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. धनी गंगाधरराव, पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन खिडकीपाशी खुर्चीवर विराजमान असत. पुत्र मकरंदराव बँकेच्या चाकरीस जात. सूनबाई रेवतीबाई, लग्नापूर्वी टीव्हीच्या पेट्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात कामास होत्या, आणि तो हात अद्याप विसरल्या नव्हत्या. धन्याच्या पत्नी मनकर्णिकाबाई कैलासवासी जाहल्या त्यास दुसरे वर्ष चालू होते.

दौलतीच्या गच्चीवर छत्री होती, तीतून आकाशीची चित्रे उतरत, आणि टीव्हीखाली एक पेटी होती, ती चित्रे साठवून ठेवी. लोक तीस रेकॉर्डर म्हणत. पूर्वी एके वर्षी एका वाहिनीने गावातील सभागृहात हळदीकुंकू केले होते आणि बायकांस मंचावर बोलावून उखाणे घेवविले होते. मनकर्णिकाबाई शेजारणींच्या आग्रहास्तव गेल्या आणि त्यांचाही क्रम आला. त्यांनी उभ्या जन्मात पतीचे नाव उच्चारिले नव्हते. घरात ‘अहो’ आणि ‘ऐकलंत का’, बाहेर ‘आमच्याकडे’, इतकाच व्यवहार. स्वतःच्या लग्नातही तोंडात घास धरून बसल्या आणि वेळ मारून नेली. ते नाव त्या मंचावर एकदा निघाले, आणि कार्यक्रम दाखविला गेला तेव्हा रावांनी आपल्या हाते बटण दाबून तो पेटीत ठेविला. बाई गेल्यानंतर राव रोज सकाळी चहा घेऊन एकवार तो पाहत, आणि कोणी खोलीत आले की लगेच बातम्या लावीत.

मग ऐसे जाहले की छत्री चालविणाऱ्या कंपनीने पेटीचे फर्मवेअर पालटले. फर्मवेअर म्हणजे पेटीच्या पोटातील कायदा. पेटीने काय करावे आणि काय करू नये, ते त्यात लिहिलेले. तो कायदा कोणास न विचारता छत्रीवाटे उतरला, आणि त्यानंतर कार्यक्रमाचे नाव यादीत दिसे, परंतु दाबले असता पडद्यावर अक्षरे उमटत की हे पाहण्याचा आपला हक्क संपला आहे. शिवाय सूचना आली की इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तारखेस आणखी एक कायदा उतरेल आणि जुना साठा पुसला जाईल. रावांनी कंपनीस फोन लाविला. तिकडील मुलगी गोड बोलली, “सर, आपल्या सोयीसाठी मी आत्ताच बॉक्स रिकामा करून देऊ का?” राव ओरडले, “अजिबात नको!” आणि फोन ठेविला.

दुसरे दिवशी रेवतीबाईंनी पाहिले की सासरे काळ्या पडद्यासमोर बसले आहेत आणि चहावर साय आली आहे. “बाबा, बंद टीव्ही काय बघताय?” राव म्हणाले, “जाहिरातींपेक्षा बरा आहे.” मग थोडे थांबून त्यांनी रिमोट सुनेच्या हाती दिला आणि काय जाहले ते सांगितले. रेवतीबाईंस यादीतील नाव वाचताच सर्व समजले, कारण बातम्या कोणत्या क्षणी लागत हे त्यांस ठाऊक होते, परंतु त्यांनी तसे दाखविले नाही. विचार करून म्हणाल्या, “जुनं फर्मवेअर परत घालून बघता येईल. पण हे चित्र याच पेटीत उघडतं, दुसऱ्या कुठल्या नाही. पेटी मेली तर आतलं सगळं गेलं.” “आणि काहीच नाही केलं तर?” “पहिल्या तारखेला जातंयच.” “मग विचारतेस काय? कर.”

मग भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे पतीच्या हयातीत गेलेल्या बायकांची तिथी, त्या दिवशी जेवणे आटोपल्यावर रेवतीबाईंनी काम आरंभिले. प्रथम आकाशातून आणखी काही उतरू नये म्हणून छत्रीची तार काढली. त्यावर मकरंदराव कळवळले, “अगं, आज मॅच आहे!” “मोबाइलवर बघा.” “एवढ्याशा पडद्यावर बॉल दिसत नाही.” राव खुर्चीतून वदले, “मोठ्या पडद्यावर तरी काय करायचाय? तू स्वतः खेळायचास तेव्हाही तुला तो दिसत नव्हता.” मकरंदराव हिरमुसून दाराशी बसले. मग बाईंनी पेटीचे झाकण उघडले आणि ज्या चिपेत कायदा असतो तिची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर घेतली, कारण नक्कल घेतल्याविना हत्यार लावू नये ही कारखान्याची शिस्त होती. मग आपल्यासारख्याच लोकांकडून इंटरनेटवरून मिळविलेला जुना कायदा काढला, त्यात कंपनीची मोहर तपासण्याची जी जागा होती ती निकामी केली, आणि तो पेटीत उतरविण्यास लाविला. पडद्यावर पट्टी हळूहळू भरू लागली. “आता याला कुणी हात लावायचा नाही,” ऐसे बजावून बाई शेजारणीस खिरीची वाटी देण्यास गेल्या, आणि मकरंदराव फोन घेऊन गच्चीत गेले.

आता रावांचा एक परिपाठ होता. नोकरीच्या काळापासून वाहता नळ आणि चालू बटण त्यांच्या डोळ्यांस सोसत नसे. खोलीतून माणूस उठला की राव बटणे बंद करीत. त्यापायी सुनेच्या विजेच्या शेगडीवरील इडल्या कच्च्या राहिल्या होत्या आणि मकरंदरावांचा फोन कधी पुरता भरत नसे. त्या दुपारी राव हात धुऊन आले, खोली रिकामी पाहिली, आणि मनास काही कळण्यापूर्वी हात बटणांच्या फळीवरून फिरला. पंखा गेला, दिवा गेला आणि पेटीही गेली.

रेवतीबाई परत आल्या तो लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू होता आणि पट्टी जागीच थिजली होती. फळीवरची सगळी बटणे एका ओळीत बंद होती. बाईंनी पेटीचे बटण चालू केले. तांबडा दिवाही लागला नाही. सासऱ्यांचे तोंड पाहून त्यांनी तत्काळ ठरविले आणि बोलल्या, “वीज गेली असेल, बाबा.” राव म्हणाले, “वीज कुठे गेली? फ्रीज वाजतोय आत. मी बंद केलं.” मकरंदराव गच्चीतून धावत आले, म्हणाले, “बाबा, अहो, एवढं सांगून...” “मकरंद, तुम्ही गप्प बसा,” रेवतीबाई म्हणाल्या. राव खाली पाहत पुटपुटले, “तिच्या तिथीला, माझ्याच हातानं.” त्यावर सूनबाई बोलल्या, “बाबा, पेटी बंद पडलीय, पुरती मेली नाही, आणि साठाही गेला नाही. तो वेगळ्या डिस्कवर आहे, तिला मी हात लावलेला नाही. आणि चिपेची नक्कल माझ्याकडे आहे. रडायचं असेल तर नंतर रडा, आत्ता मला उजेड धरा.”

मग राव बॅटरी घेऊन उभे राहिले, आणि बाईंनी चिपेच्या बारीक पायांस तारा लावून ती नक्कल थेट आत ओतण्यास आरंभ केला. एक तार दोनदा निसटली, तेव्हा मकरंदरावांनी ती चिमट्याने धरली आणि श्वासही बेताने घेतला. बहुत वेळाने तांबडा दिवा लागला. पेटी जिवंत जाहली, परंतु कायदा नवाच होता. मग जुना कायदा पुन्हा उतरविण्यास लाविला. या खेपेस राव आपण होऊन खुर्ची घेऊन गेले, फळीस पाठ लावून बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. मकरंदराव पाणी पिण्यास उठले तो रावांचा उजवा हात सुटला. रावांनी तो डाव्याने पकडून पुन्हा खाली घातला. रेवतीबाईंनी ते पाहिले आणि हसू गिळले. पट्टी भरली आणि हिरवा दिवा लागला.

“दाबू का, बाबा?” “दाब.”

पडद्यावर सभागृह आले. मनकर्णिकाबाई हिरव्या साडीत, माइक तोंडापासून हातभर दूर धरून उभ्या. सूत्रसंचालक म्हणाला, “लाजू नका काकू, घ्या नाव!” बाईंनी एकवार दाराकडे पाहिले आणि एका दमात म्हटले, “आभाळात नक्षत्रं, अंगणात जाई, गंगाधररावांचं नाव घेते, मला आहे घाई.” सभा हसली, आणि बाई माइक त्याच्या हाती कोंबून मंचावरून उतरल्या. तेथे चित्र थांबले. मग राव पडद्याकडे पाहून म्हणाले, “बैस की जराशी,” आणि सुनेपुढे रिमोटासाठी हात केला.

येणेप्रमाणे कायदा पालटला. पेटीत चित्र चालू असता टीव्हीकडे जाणाऱ्या तारेतून त्याची नक्कल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. पहिल्या तारखेस कंपनीचा कायदा सुटला आणि गावातील पेट्या रित्या जाहल्या. या दौलतीत छत्रीची तार पुन्हा जोडली नाही. वाहिनी एकही येत नाही, आणि कोणी तक्रार केलेली नाही. हकीकत संपूर्ण.