पाचवा टॉवेल

आमचे चन्नप्पामामा कुठेही गेले तरी लगेच बसत नाहीत. आधी जागा धरतात. त्यासाठी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत घडी घातलेले टॉवेल असतात, आणि ते टाकल्याशिवाय मामा बूड टेकत नाहीत. एकदा दाढ दुखते म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मामांनी दोन खुर्च्यांवर दोन टॉवेल टाकले आणि मगच ते कण्हायला लागले.

टॉवेलांना तोटा नाही, कारण आमच्या गावातल्या नवी पेठेत त्यांचं टॉवेल-नॅपकिनचं दुकानच आहे. मूळचे कानडी सीमेजवळच्या मंद्रूपचे, राहायला शुक्रवार पेठेत, माझ्या आईचे सख्खे भाऊ. नात्यातल्या कुठल्याही लग्नात अक्षता पडायच्या आत पहिल्या पंगतीची अर्धी रांग मामांच्या ताब्यात गेलेली असते. "आदी जागा, मग मानूस," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आम्ही त्याची टिंगल करतो आणि पहिल्या पंगतीला जेवतो. घरात मात्र टॉवेल नसतो. जवळचं कुणी आलं की मामा थोडे सरकतात, शेजारची जागा हातानं थोपटतात आणि कानडीत म्हणतात, "बा, कुंद्रु." म्हणजे ये, बस.

या तत्त्वज्ञानाचा सर्वांत मोठा लाभार्थी विशू, त्यांचा एकुलता एक मुलगा. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा सुट्टी संपली की मामा त्याच्या आधी एसटी स्टँडवर पोचत, खिडकीतून हिरव्या पट्ट्यांचा टॉवेल सीटवर टाकत आणि विशू येईपर्यंत हात आत घालून उभे राहत. गाडी रिकामी असली तरीही. विशूला मित्रांसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे तो शिकला, नोकरीला लागला आणि एक दिवस सिंगापूरला गेला. मामी गेल्यापासून मामा एकटेच. मागच्या दिवाळीला विशू येणार होता. त्यानं तिकीट काढलं आणि कामामुळे रद्द केलं.

म्हणून मी सिंगापूरच्या सहलीचं बोललो तेव्हा, महाबळेश्वरला "डोंगार काय बघायचं" म्हणून नकार देणारे हे गृहस्थ थेट पासपोर्टच्या फोटोला जाऊन आले. विशूला भेटायला येताय का, असं विचारल्यावर म्हणाले, "त्यो कामात असतोय. मी गाव बघायला येतोय." विमानात प्रत्येकाच्या खुर्चीला नंबर असतो हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नंबरावर टॉवेल टाकला.

विशू मुलगा भला. विमानतळावर आला, आम्हाला हॉटेलात पोचवलं आणि शेवटचा अख्खा दिवस सुट्टी घेऊन तुमच्याबरोबर फिरतो म्हणाला. त्या दिवसाची पाच जणांची तिकिटंही त्यानं काढून ठेवली. मी, माझी बायको सुजाता, मुलगी रेवा, मामा आणि तो. त्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. तातडीची मीटिंग निघाली आहे, तुम्ही पुढे व्हा, मी वाटेत गाठतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं परतीचं विमान होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीत पाच टॉवेल भरले. पाचवा हिरव्या पट्ट्यांचा होता.

सुरुवात उघड्या टपाच्या बसनं झाली. मामांनी वर चढताच पाच टॉवेल पसरले. एक धिप्पाड गोरे गृहस्थ पाचव्या टॉवेलापाशी येऊन थबकले. मामांनी त्यावर पंजा ठेवला आणि आयुष्यभर जपून ठेवलेलं इंग्रजी बाहेर काढलं. "मॅन कमिंग. सन." ते गृहस्थ रस्त्याकडे पाहू लागले. मामाही पाहू लागले. बस सुटली, उंच इमारती आल्या आणि गेल्या, पण मामांची मान सगळा वेळ मागच्या स्टॉपकडे वळलेली. गाव बघायला आलेला माणूस इतक्या निष्ठेनं गावाकडे पाठ करून बसलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग नावेतून नदीची फेरी. विशूचा मेसेज आला, अर्ध्या तासात येतो. मामांनी नाववाल्याला खुणेनं थांबवून पाहिलं. तो बिचारा हसला आणि वेळेवर निघाला. टॉवेलानं नदी पाहिली, पूल पाहिले, सिंहाच्या तोंडातून पडणारं पाणीही पाहिलं. त्याचं तिकीट काढलेलं असल्यामुळे कुणाला काही बोलता येईना. सुजातानं फोटो काढला. त्यात मी आणि रेवा हसतोय, मामा काठाकडे बघताहेत आणि टॉवेल तेवढा व्यवस्थित आलाय.

दुपारी जेवायला एका मोठ्या खाऊ-बाजारात गेलो. चारी बाजूंना दुकानं, मधे टेबलं, आणि ऑफिसांची जेवणाची सुट्टी. पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर कागदी रुमालांचं एक पाकीट कुणीतरी विसरून गेलं होतं. मी विजयी वीरासारखा जाऊन बसलो.

"उट," मामा म्हणाले. "धरल्याली जागा हाय ही."

मी म्हटलं, मामा, तो कागद आहे. ते म्हणाले, आजूबाजूला बघ. मी पाहिलं. एका टेबलावर छत्री, पलीकडे तसलंच पाकीट, कोपऱ्यात तर कुणाचं तरी ऑफिसचं ओळखपत्र. लोक वाफाळते वाडगे हातात घेऊन फिरत होते, पण त्या टेबलांना कुणी शिवत नव्हतं. थोड्या वेळानं टायवाला एक तरुण आला, मी ज्यावरून उठलो त्या टेबलावरचं पाकीट खिशात घालून शांतपणे जेवायला बसला. मामांनी नात्यातलं कुणी भेटावं तशी त्याला मान डोलावली.

आठवडाभर उंच मनोरे, काचेच्या बागा, मत्स्यालय सगळं दाखवलं, पण मामांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. हात मागे बांधून ते टेबलांमधून हिंडले. मग आमचंही टेबल मिळालं. मामांनी पाचवा टॉवेल पाचव्या खुर्चीवर टाकला आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यावरचा हात काढून घेतला. डोसा खाताना ते म्हणाले, "शानी मान्सं हायती. हितं ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे त्याला." कोण, ते आम्ही कुणी विचारलं नाही. खुर्ची जेवण होईपर्यंत रिकामीच राहिली.

शेवटचा कार्यक्रम खाडीकाठी होता. पाण्यावर रंगीत दिव्यांचा खेळ असतो आणि लोक लाकडी पायऱ्यांवर बसून तो बघतात. विशूनं सांगितलं, निघालोच. मामांनी मधली पायरी गाठून पाच टॉवेल टाकले. हळूहळू पायऱ्या भरल्या, मागे माणसं उभी राहिली. आमच्यासमोर एक बाई कडेवर झोपलेलं मूल घेऊन जागा शोधत होती. तिची नजर हिरव्या पट्ट्यांवर गेली. मागचे लोक आमच्याकडे बघू लागले. सुजातानं मला कोपर मारलं.

मी म्हणालो, "मामा, आता उचला तो टॉवेल. तो काही येत नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले, स्वतःच्या जागेवरचा टॉवेल झटकला आणि त्या बाईला खुणेनं तिथे बसवलं. मग कडेला जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. दिवसभर चाललेला सत्तरीचा माणूस. पाण्यावर कारंजी उडाली, दिवे निळे झाले, लाल झाले. मी माझी जागा देऊ केली तर नको म्हणाले. त्यांना तिथून टॉवेल आणि येण्याची वाट, दोन्ही दिसत होतं. मला त्या क्षणी माझ्या जिभेची लाज वाटली.

खेळ संपला. टाळ्या वाजल्या आणि पाचेक मिनिटांत सगळं रिकामं झालं. आमच्या पायरीवर आम्ही तिघं आणि तो टॉवेल. रेवा पेंगत होती. निघू या का, असं मी विचारणार, तेवढ्यात वाटेवरून कुणीतरी पळत येताना दिसलं. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, शर्ट घामानं भिजलेला. विशू होता.

तो खाली येऊन थांबला. समोर काळं पाणी, मागे ओळीनं रिकाम्या पायऱ्या. "संपलं, अप्पा?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

मामा कठड्यापासून पायरीपर्यंत आले. टॉवेलाची एक कड दुमडली होती, ती त्यांनी तळहातानं सरळ केली आणि वर दोनदा थोपटलं.

"बा, कुंद्रु," ते म्हणाले. "जागा धरलीया."

विशूनं त्या सगळ्या मोकळ्या पायऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग बॅग खाली ठेवून तो बरोबर त्या टॉवेलावर येऊन बसला. मामा त्याच्या शेजारी बसले. टॉवेल न टाकता.